दोन इच्छा आणि बशीभर कॉफी

डोंगराच्या अगदी माथ्याजवळ, जिथे ढग घटकाभर टेकतात आणि मग पुढच्या प्रवासाला निघतात, तिथे गारपाणी नावाचं एक चिमुकलं गाव होतं. त्या गावात एक चिमुकलं कॉफीचं दुकान होतं आणि दुकानात टिकणारी गिऱ्हाइकं सोडून सगळं काही होतं. लख्ख घासलेलं पितळी पातेलं होतं, निळ्या रंगाची दोन बाकं होती, दारावर पिवळ्याधमक झेंडूची माळ होती, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेली नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव कौतिका. तिचा फ्रॉक आकाशी होता, निदान शिवला तेव्हा तरी होता. दोन वेण्यांना दोन लाल रिबिनी होत्या आणि त्यातली एक धुऊन धुऊन गुलाबी झाली होती.

दुकान कौतिकाच्या आईचं, द्वारकाबाईचं. कौतिका तिला माय म्हणायची. माय गावच्या बागेतल्याच कॉफीच्या बिया आणायची, मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत भाजायची, खलबत्त्यात कुटायची आणि दुधात उकळून वर जायफळ किसायची. वास असा सुटायचा की घाटातल्या शेवटच्या वळणावर बसमधली झोपलेली माणसं जागी व्हायची. दिवसातून चार गाड्या गारपाण्याला थांबायच्या. दोन खालून वर येणाऱ्या, दोन माथ्यावरच्या नाक्यावरून खाली परतणाऱ्या. प्रत्येक गाडी दहा मिनिटं थांबायची. माणसं उतरायची, हातपाय ताणायची, त्यातली पाचसहा दुकानात यायची आणि कॉफी घ्यायची.

आणि अर्धी ठेवून जायची.

"कशी झाली जी कॉफी?" माय प्रत्येकाला विचारायची.

"छान! छान!" प्रत्येकजण म्हणायचा आणि अर्धा भरलेला ग्लास बाकावर ठेवून गाडीकडे पळायचा. परतीच्या वेळी तोच माणूस दुकानाकडे बघायचासुद्धा नाही. उरलेली कॉफी माय मागच्या पपईच्या झाडाला घालायची. वर्षभरात त्या पपईने इतकी कॉफी प्यायली होती की तिला झोप कशी लागत असेल कोण जाणे.

असं दुकान किती दिवस चालणार? मंगळवारी मायनं सांगून टाकलं. खाली शहरात डाळमिल होती, तिथे बायका हव्या होत्या. मिलचा मुकादम शुक्रवारी दुपारच्या गाडीनं येणार आणि त्याच गाडीनं, ती परत फिरली की, माय त्याच्याबरोबर जाणार. मिलमध्ये राहायची सोय होती, पण एकटीची. कौतिकानं मावशीकडे जायचं होतं, आणि मावशीचं गाव मिलपासून एका दिवसाच्या वाटेवर होतं.

माय सांगताना रडली नव्हती, आणि जो रडत नाही त्याच्यासमोर रडणं फार अवघड असतं.

बुधवारी सकाळी कौतिका पाणी आणायला झऱ्यावर निघाली. वाट कॉफीच्या बागेतून जायची. आठवड्यापूर्वी एक हलकीशी सर पडून गेली होती आणि आज सगळी बाग एकदम फुलली होती. काल जिथे नुसती हिरवी पानं होती तिथे आज फांदीफांदीवर पांढरे शुभ्र गजरे होते. इवली इवली पाच पाकळ्यांची फुलं, दवानं चमचमणारी, आणि वास मोगऱ्याच्या जवळचा पण त्याहून हळुवार. पिवळी फुलपाखरं, निळे भुंगे, हिरव्या पानांवर सोन्याचे कवडसे. कौतिका घागर कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली.

आणि बघते तर काय, बागेत शेळ्या! गावातल्या चार शेळ्या कुंपणाच्या फटीतून आत शिरल्या होत्या, आणि त्यांच्या पुढे एक दाढीवाला बोकड पाहुण्यासारखा निवांत फुलं खात उभा होता. बाग कौतिकाची नव्हती. तिला कोणी राखायलाही सांगितलं नव्हतं. पण तिनं घागर खाली ठेवली आणि "हुर्र! हुर्र!" करत शेळ्यांना हुसकावलं. कुंपणाच्या फटीत काटेरी फांदी खोचताना तिच्या बोटाला चांगलाच ओरखडा आला. बोकड मात्र हलेना. त्याची दाढी चमकत होती.

कौतिका जवळ गेली. दाढीच्या केसांत अंगठ्याएवढी एक मुलगी अडकली होती. पांढरा पाच पाकळ्यांचा झगा, कोवळ्या पानासारखे पोपटी पंख, आणि केसांत दवाचे पिटुकले मणी. ती भयंकर चिडलेली होती.

"अगं, बघतेस काय? सोडव ना मला!" ती म्हणाली. "याच्या तोंडाला कसला वास येतोय!"

कौतिकानं बोकडाचं शिंग एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हातानं एकेक केस सोडवला. तिनं एकही केस ओढला नाही, कारण बोकडालाही दुखत असणार. परी मोकळी झाली, पंख झटकले आणि फांदीवर जाऊन बसली. तिच्या अंगावरून चांदीचे कण उडाले आणि हवेत विरले.

"बोकडाला दुखेल म्हणून तू एवढा वेळ घेतलास," परी म्हणाली. "त्यानं माझा झगा चावला तरी!"

"त्याले काय समजते," कौतिका म्हणाली. "तू परी होय ना? मग पुस्तकासारखी काहून बोलून राहिली?"

"आम्ही तीन दिवसांसाठी येतो. फुलं उमलली की यायचं, फुलं सुकली की जायचं. गावचं बोलणं शिकायला वेळ कुठे मिळतो?" परीनं झग्याला लागलेलं पान काढून टाकलं. "बरं, तू मला सोडवलंस. म्हणजे तीन इच्छा देणं आलं. पण तीन नाहीत माझ्याकडे. एक बोकडानं खाल्ली."

दोघींनी बोकडाकडे बघितलं. तो डोळे मिटून शांत उभा होता. जगात त्याला आता काहीच नको होतं, आणि गावातले लोक सांगतात की त्यानंतर तो कधीच कुणाच्या कुंपणात शिरला नाही.

परीनं फुलातून दोन पाकळ्या काढल्या. मोत्यासारख्या पांढऱ्या, कडेला चांदीची बारीक रेघ. "या घे. एक पाकळी म्हणजे एक इच्छा. पेल्यात टाकायची आणि मनात मागायचं. नियम मात्र नीट ऐक. स्वतःसाठी काही मागायचं नाही. ज्याच्यासाठी मागशील त्याला, 'तुला काय हवं' असं विचारायचं नाही. नुसतं बघायचं आणि ओळखायचं. आणि चुकलीस तर पाकळी गेली."

"विचारायचं काहून नाही?"

"विचारलं की माणसं 'छान छान' म्हणतात," परी म्हणाली.

कौतिकानं पाकळ्या गुलाबी झालेल्या रिबिनीच्या गाठीत ठेवल्या, घागर भरली आणि पळत घरी आली. तिला वाटलं, आता काय, झालंच काम! गिऱ्हाइकाला हवं ते दिलं की गिऱ्हाईक येणार. गिऱ्हाइकं आली की दुकान चालणार. दुकान चाललं की माय जाणार नाही.

दुकानात रोज सकाळी एकच माणूस न चुकता यायचा. पुंजाजी आबाजी. चाळीस वर्षं डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटून ते थकले होते आणि आता घरी बसले होते. ते कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे, कॉफी घ्यायचे, आणि तेही अर्धी ठेवायचे. कौतिकानं त्यांच्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एक ग्लास भरायला लागतो तेवढाच वेळ. पांढऱ्या मिशा, खाली गेलेले खांदे, उदास डोळे. बिचाऱ्यांना कॉफी कडू लागत असेल! कौतिकाला स्वतःला गूळ, साखर, मध, जे गोड ते सगळं प्राणापलीकडे आवडायचं. तिनं हळूच एक पाकळी ग्लासात टाकली आणि मनात म्हणाली, आबाजीची कॉफी जगातली सगळ्यात गोड कॉफी होऊ दे.

कॉफी सोनेरी झाली. तिच्यावर मधाचे बारीक बुडबुडे चमकू लागले. आबाजींनी एक घोट घेतला. त्यांच्या मिशा ताठ झाल्या, डोळे विस्फारले आणि ते खोकत खोकत उठले.

"कशी झाली जी?" मायनं विचारलं.

"छान," आबाजी कसंबसं म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. बाहेर जाऊन त्यांनी नळावर तीनदा चूळ भरली. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह होता. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं, कौतिकालाही होतं. ती फक्त तेवढा वेळ विसरली होती.

दुपारी ती बागेत गेली आणि झाडाखाली बसून रडली. एक पाकळी गेली होती.

"काय मागितलंस?" परीनं विचारलं.

"गोड."

"कोणाला आवडतं गोड?"

कौतिकानं डोळे पुसले. "मले," ती म्हणाली.

परीनं पंख मिटले आणि फुलाच्या आत तोंड लपवलं. ती हसत होती की नाही ते बाहेरून कळत नव्हतं.

गुरुवारी कौतिकानं ठरवलं, आज पाकळीला हातच लावायचा नाही. आज नुसतं बघायचं. ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि आधी आबाजींकडे बघत राहिली, ते येऊन जाईपर्यंत. आबाजी कॉफीकडे बघतच नव्हते. ते मान वळवून वळवून रस्त्याकडे बघत होते, कारण सकाळच्या गाडीतून टपालाची पिशवी यायची. पिशवी उतरली, पोस्टात गेली, आणि मग त्यांनी मान सरळ केली. तोवर कॉफीवर साय धरली होती. ती त्यांनी बाजूला सारली, दोन घोट घेतले आणि उठले.

मग तिनं खालून वर आलेल्या त्याच गाडीकडे नजर वळवली. माणसं उतरली ती लिंबासारखी पिवळी पडलेली. घाटात सत्तावीस वळणं होती. कुणी पोट धरलं होतं, कुणी डोकं. उकळत्या दुधाचा वास येताच एका बाईनं पदर नाकाला लावला. तरी थंडी वाजत होती म्हणून चौघांनी कॉफी घेतली, आणि दुधाकडे बघत बघत ती ठेवून दिली.

पुढे वरून खाली जाणारी गाडी आली. ही माणसं ताजीतवानी होती, हसत होती, कॉफी मागत होती. मायनं उंच काचेचे ग्लास भरले. मायला त्या ग्लासांचा फार अभिमान होता. शहरातले लोक बशीतून पीत नाहीत, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, म्हणून वर्षापूर्वी तिनं कपबशा फळीवर चढवून ठेवल्या होत्या आणि हे ग्लास आणले होते. ग्लास उंच, काच जाड आणि कॉफी उकळती. माणसं पदरानं, रुमालानं ग्लास धरत होती, फुंकर मारत होती, घड्याळ बघत होती, पुन्हा फुंकर मारत होती. एक बाई कडेवर बाळ घेऊन ग्लासाकडे नुसतीच बघत उभी होती, कारण तिला एकच हात मोकळा होता. कंडक्टरनं घंटी वाजवली. सगळे अर्धे ग्लास ठेवून पळाले.

कौतिका उठली आणि थेट बागेत.

"परी, परी! मले समजलं!" ती धापा टाकत म्हणाली. "कॉफी चांगलीच हाय. पण खालून येते त्याच्या पोटात घाट फिरून राहिला, त्याले दूध नको! आणि वरून येते त्याले वेळ नाही. कॉफी गरम, ग्लास गरम, आणि गाडी दहा मिनिटं. माय एवढी गरम कॉफी देते की ती निवते तेव्हा लोक पयल्या वळणावर असतात! आता ही पाकळी टाकतो आणि मागतो, की कॉफी झटकन निवू दे."

"माग की," परी म्हणाली.

कौतिकानं रिबिनीच्या गाठीला हात घातला. मग तिचा हात थांबला.

"पण निवायला तर..." ती हळूहळू म्हणाली, "बशी असते ना?"

परी फांदीवर उड्या मारू लागली. तिच्या झग्यातून पांढरे, निळे, सोनेरी कण भुरभुरले.

"आणि ज्याले मळमळते त्याले बिनदुधाची, लिंबू पिळून, सुंठ टाकून! पाकळी कायले पायजे?"

"नकोच मुळी," परी म्हणाली. "ठेव गाठीत."

मायला पटवणं मात्र परीलाही जमलं नसतं. "बशी?" माय म्हणाली. "लोक हसतील. म्हणतील, गावंढळ हायेत." कौतिका ऐकेना. तिनं स्टुलावर चढून फळीवरच्या बशा काढल्या. पांढऱ्या बशा, काठाला इवली निळी वेल. तिनं त्या धुतल्या, पुसल्या आणि कपांखाली मांडल्या. शेवटी माय थकून म्हणाली, "कर काय करायचं ते. आजचाच दिवस हाय."

दुपारची वरून येणारी गाडी आली. कपबशी बघून लोक एकमेकांकडे बघू लागले. बशीत कॉफी ओतायला कोणी तयार होईना, आणि मायचा चेहरा उतरला. तेवढ्यात काळा चष्मा लावलेली, टकटक सँडल वाजवणारी एक मोठ्या शहरातली बाई पुढे आली. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चष्मा कपाळावर सारला, कॉफी बशीत ओतली आणि फुर्र करून असा जोरदार फुरका मारला की ड्रायव्हरसुद्धा वळून बघू लागला.

"अहाहा!" ती म्हणाली. "माझे आजोबा असंच प्यायचे."

मग काय! सगळीकडून फुर्र, फुर्र, फुर्र. कडेवरच्या बाळाला कौतिकानं घेतलं आणि त्याच्या आईनं दोन्ही हातांनी बशी धरली. घंटी वाजली तेव्हा बाकावर रिकाम्या बशा होत्या. शुक्रवारी सकाळी खालून आलेल्या गाडीला लिंबू पिळलेली काळी कॉफी मिळाली आणि पिवळी पडलेली माणसं पाच मिनिटांत पुन्हा माणसांच्या रंगाची झाली. दोघांनी तर दुसरा कप मागितला. पपईच्या झाडाला त्या दिवशी साधं पाणी मिळालं.

त्याच सकाळी आबाजी आले तेव्हा त्यांचं बाक रस्त्याकडे तोंड करून ठेवलेलं होतं. कौतिकानं त्यांना अर्धाच कप दिला, बिनसाखरेचा, आणि तोही पिशवी उतरल्यावर. आबाजींनी कप रिकामा केला. मग त्यांनी कपात डोकावून बघितलं, जणू असं कधी होईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्या दिवशी ते "छान" म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "उद्या येतो, पोरी."

तर असं दुकान चालू लागलं. पण मायचा बेत काही बदलेना. दोन दिवसांच्या गर्दीवर कोण विश्वास ठेवतो? मायनं ट्रंक खाली काढली आणि ती साड्यांच्या घड्या घालायला बसली. "दोन दिवस बरे गेले," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवसाचं कोण सांगते? मुकादमाले शब्द दिला हाय." एवढं करूनही माय जाणारच होती.

मग तिला पाकळी आठवली. तिनं छोट्याशा लोट्यात मायसाठी कॉफी घेतली, एक बशी घेतली आणि ती बागेकडे धावली.

बाग बदलली होती. पांढऱ्या गजऱ्यांच्या कडा तपकिरी होऊन फुलं टपटप गळत होती. परी एका उरल्यासुरल्या फुलात बसली होती आणि तिचे पोपटी पंख आता पातळ, पारदर्शक दिसत होते.

"ही मायची कॉफी," कौतिका एका दमात म्हणाली. "हिच्यात पाकळी टाकतो आणि मागतो की माय जाऊ नये. चालते ना?"

"कोणासाठी मागते आहेस?"

मायसाठी, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? शब्द कौतिकाच्या अगदी ओठांवर होता. पण परीचे डोळे स्वच्छ पाण्यासारखे होते आणि कौतिकाला खोटं बोलता येईना. "माह्यासाठी," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मग नाही चालत," परी हलकेच म्हणाली.

कौतिका मान खाली घालून उभी राहिली. आता काहीच उरलं नव्हतं. पण दोन दिवस माणसांकडे बघण्याची सवय लागली होती आणि ती सवय रडताना सुटत नाही. तिनं बघितलं, की परी तिच्याकडे बघतच नव्हती. परी लोट्याकडे बघत होती. लोट्यातून निघणाऱ्या वाफेकडे तिनं मान उंच केली होती, नाकपुड्या फुलवल्या होत्या, आणि हा वास कुठून येतो ते न कळल्यासारखी ती टक लावून होती.

कौतिकाला एकदम उमगलं. परी फुलांबरोबर येते, फुलांबरोबर जाते. फुलं गळल्यावर मग हिरवी फळं धरतात, ती लाल होतात, सुकतात, बिया निघतात, त्या भाजतात. तेव्हा परी कुठे असते? दर वर्षी ती येत होती, आणि कॉफी म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं.

नियम होता, विचारायचं नाही. कौतिकानं विचारलं नाही. तिनं कॉफी बशीत ओतली, रिबिनीची गाठ सोडली आणि शेवटची पाकळी बशीत टाकली. हिला पिता येऊ दे, ती मनात म्हणाली.

वाफ चांदीची झाली. परी बशीच्या निळ्या काठावर उतरली, गुडघे टेकून बसली, आणि तिनं एक इवलासा फुरका मारला. मग दुसरा. मग तिनं झाडाखाली गळून पडलेल्या फुलांकडे बघितलं.

"म्हणजे आम्ही गळतो ते यासाठी होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, नुसतंच गळतो."

तिच्या झग्याच्या पाचही पाकळ्या उजळल्या. पंखांतून सोनेरी, मग केशरी, मग दुधासारखा पांढरा प्रकाश पाझरू लागला. "मला तुला द्यायला काही उरलं नाही, कौतिका," परी म्हणाली. "हा एवढा उजेड आहे. तो घे. नीट बघ."

आणि परी उजेड झाली. तो उजेड झाडांवरून लाटेसारखा खाली गेला, झऱ्यावर चमकला, गावाच्या कौलांवर पसरला आणि दुकानाच्या मागच्या खिडकीवर येऊन क्षणभर थांबला. बागेतून ती खिडकी रोज दिसायची. आज आतलं सगळं दिसलं. माय ट्रंकेपुढे बसली होती. तिनं साड्या बाहेर काढल्या, भाजायची लोखंडी कढई उचलली, ती पदरानं पुसली आणि ट्रंकेत तळाशी ठेवली. खलबत्ताही ठेवला. वरून साड्या घातल्या. मग तिनं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

उजेड विझला. बागेत भुंग्यांचा आवाज तेवढा राहिला.

कौतिका धावत आली तोवर दुपारची गाडी येऊन माथ्यावरच्या नाक्याला वळसा घालून परतही आली होती. मुकादम दारात उभा होता आणि ट्रंक बाहेर पायरीवर होती. कौतिकानं कुणालाही न विचारता ट्रंक उघडली, साड्या बाजूला केल्या आणि कढई वर काढली.

"माय," ती म्हणाली, "डाळमिलमध्ये काय भाजशील?"

मायनं साड्या परत ट्रंकेत भरायला घेतल्या.

"तुले जायचं नाही. मले दिसलं."

"माह्या जाण्या न जाण्याचं काय घेऊन बसली!" माय म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "तुह्यासाठीच चालली मी. मावशीकडे दोन टाईम पोटभर भेटेल तुले. चांगली शाळा भेटेल. इथं माह्यासंग काय हाय?"

"मले ते पायजे, हे तुले कोण सांगितलं?"

माय तिच्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांत तिनं पोरीला न्हाऊमाखू घातलं होतं, वेण्या घातल्या होत्या, स्वतः उपाशी राहून जेवू घातलं होतं. तिनं पोरीला काय हवं ते स्वतःच ठरवलं होतं, आणि प्रेमानं ठरवलं होतं. आता पहिल्यांदाच ती नीट बघत होती. आकाशी फ्रॉक, सुटलेली रिबीन, बोटावरचा ओरखडा, आणि कढई छातीशी घट्ट धरलेले दोन हात.

"मले तू पायजे," कौतिका म्हणाली. "एक टाईम जेवीन."

"द्वारकाबाई, येता ना जी?" मुकादम म्हणाला. "सीट धरून ठेवली हाय."

तेवढ्यात गाडीतली माणसं दुकानाकडे येऊ लागली. पुढे एक म्हातारा, त्याच्यामागे दोन बाया, त्यांच्यामागे हसत खिदळत कॉलेजची सहासात मुलं. मायनं डोळे पुसले. तिनं कौतिकाच्या हातातली कढई घेतली, आत गेली आणि चुलीवर चढवली.

"सीट सोडून द्या, मुकादम," ती आतूनच म्हणाली. "माहं गिऱ्हाईक उभं हाय."